पत कुणाची तपासायची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतला एखादा फाउंड्रीवाला बँकेत सीसी लिमिट वाढवून मागायला जातो, तेव्हा त्याच्यापुढे येणारी कागदांची यादी एकदा सावकाश वाचावी. पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, कंपनी असेल तर सीआयएन आणि संचालकांचे डीआयएन, तीन वर्षांचे ताळेबंद, वर्षभराची जीएसटी विवरणपत्रं, महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, येणेकऱ्यांची यादी. शाखाधिकारी त्याचा सिबिल काढतात, बायको जामीनदार असेल तर तिचाही काढतात, आणि धंद्याचा वेगळा काढतात. मग येणेकऱ्यांच्या यादीवर पेन फिरवत विचारतात, "नव्वद दिवसांच्या वरचे किती?"

त्या यादीत सगळ्यात वर बहुधा एखादी मोठी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असते आणि तिच्याकडचं बिल चार महिने थकलेलं असतं. नव्वद दिवसांपलीकडची येणी बँका सहसा ड्रॉइंग पॉवर काढताना धरत नाहीत. म्हणजे उशीर केला त्या कंपनीने आणि उचलीची मर्यादा घटली फाउंड्रीवाल्याची. त्या ओढाताणीत मशीनच्या कर्जाचा हप्ता आठ-दहा दिवस मागे पडला, तर ती नोंद त्याच्या अहवालात जाते. ज्या कंपनीपायी हे झालं, तिच्या अहवालात यातलं एक अक्षर उमटत नाही.

आता हाच फाउंड्रीवाला नव्या गिऱ्हाइकाचा पीओ घ्यायच्या विचारात आहे असं समजा. ही कंपनी पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी देते, एवढं एकच त्याला जाणून घ्यायचं आहे. कुठे पाहील? असोसिएशनच्या सभेनंतर चहा घेताना शेजारच्या कारखानदाराला विचारील, "काय हो, पेमेंटला कशी आहेत ही मंडळी?" उत्तर मिळालं तर मिळालं. समोरचा त्याच कंपनीचा पुरवठादार असेल, तर तो खरं सांगेलच याचीही खात्री नाही.

माझं म्हणणं असं की, गेल्या पाव शतकात आपण धंद्याला ओळख देणारी आणि त्याची पत मोजणारी जी मोठी यंत्रणा उभारली, ती कर्ज देणाऱ्याच्या आणि कर घेणाऱ्याच्या सोयीने उभारली. माल उधार देणारा, म्हणजे बिनव्याजी आणि बिनतारण कर्ज देणारा, तिच्या हिशेबात कर्जदार म्हणून येतो, करदाता म्हणून येतो. धनको म्हणून कधीच येत नाही. हा विसर तांत्रिक अडचणीतून आलेला नाही. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती सरकारदरबारी आज जमा होते आहे.

पत-अहवालाच्या धंद्याची सुरुवात पाहिली तर ही उलटापालट जास्त खटकते. १८३७च्या मंदीत न्यूयॉर्कची आर्थर टॅपन अँड कंपनी ही रेशमाची मोठी पेढी बसली. देणं दहा लाख डॉलरच्या वर होतं. पेढीचा माल दूरदूरच्या दुकानदारांकडे उधारीवर गेलेला, आणि वसुली थांबलेली. आर्थरचा भाऊ लुइस या पेढीतला भागीदार. दोघे भाऊ कडवे गुलामगिरीविरोधक होते. १८३४ मध्ये दंगलखोरांनी लुइसच्या घरात घुसून सामान रस्त्यावर आणून जाळलं होतं. पुढे अमिस्टाड जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांची बाजू लढवणाऱ्या समितीत तो अग्रभागी होता. १८४१ मध्ये, तो खटला सर्वोच्च न्यायालयात जिंकला त्याच वर्षी, त्याने न्यूयॉर्कमध्ये मर्कंटाइल एजन्सी काढली. गिऱ्हाईक कोण, तर शहरातले घाऊक व्यापारी. माल न्यायला आलेल्या अनोळखी दुकानदाराला उधार द्यावं की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर जमवायला गावोगावचे वकील. त्यांना बहुधा रोख मोबदला नसे; त्यांच्या भागातल्या थकबाकीच्या वसुलीची कामं त्यांच्याकडे येत, हाच मोबदला. अब्राहम लिंकननेही वकिलीच्या दिवसांत अशी माहिती पुरवल्याचं या कंपनीच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं.

आलेली माहिती जाडजूड खतावण्यांत उतरवली जाई. वर्गणीदार कचेरीत आला की कारकून त्याला नोंद वाचून दाखवी. कागद हातात देत नसत. त्या खतावण्या आज हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात आहेत, अडीच हजारांहून जास्त. त्यांत मालमत्ता आणि देणी आहेतच, शिवाय कोण पितो, कुणाची बायको माहेरहून पैसा घेऊन आली आहे, कुणाचा मुलगा उधळ्या आहे, हेही आहे. एखादा व्यापारी यहुदी आहे हीसुद्धा त्याच्या पतीविषयीची माहिती म्हणून नोंदली जाई. ओहायोच्या दोन व्यापाऱ्यांनी अशा एका नोंदीपायी टॅपनवर दावा लावला. खबर कुणी दिली ते सांगायला एजन्सीच्या भागीदाराने कोर्टात नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला.

ही पद्धत पुन्हा यावी असं कुणी म्हणणार नाही. जात, धर्म आणि घरातल्या भानगडी यांवरून उधारी ठरवण्यात आपणही काही मागे नव्हतो. पेढीवरच्या दिवाणजीच्या डोक्यात असलेली खतावणी तशीच होती, फक्त ती हार्वर्डला गेली नाही. मुद्दा दिशेचा आहे. टॅपनच्या एजन्सीत विकणारा घेणाऱ्याची चौकशी करत असे. रॉबर्ट ग्रॅहम डन १८५९ मध्ये या एजन्सीचा मालक झाला, ब्रॅडस्ट्रीट ही प्रतिस्पर्धी पेढी १८४९ मध्ये सिनसिनाटीत निघाली होती, आणि १९३३ मध्ये दोन्हींची मिळून डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. या सगळ्या काळात मूळ गिऱ्हाईक माल उधार देणाराच राहिला. तिचा पेडेक्स नावाचा निर्देशांक आजही हेच मोजतो की कंपनी पुरवठादारांची बिलं मुदतीत देते का. शंभरपैकी ऐंशी गुण म्हणजे ठरल्या दिवशी पैसे देणारी कंपनी, त्याखाली जाल तसा उशीर वाढत जातो.

चुका तिथेही झाल्या, आणि एक चूक तर थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचली. १९७६ मध्ये डन अँड ब्रॅडस्ट्रीटने पाच वर्गणीदारांना कळवलं की व्हरमाँट राज्यातल्या ग्रीनमॉस बिल्डर्स या बांधकाम कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आहे. खरं तर अर्ज त्या कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने स्वतःपुरता केला होता. कोर्टातले दिवाळखोरीचे कागद चाळायला डन अँड ब्रॅडस्ट्रीटने सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा ठेवला होता, त्याने कर्मचाऱ्याचं दिवाळं मालकाच्या नावावर टाकलं. ग्रीनमॉसच्या अध्यक्षांना हे कळलं तेही बँकेत, कर्जाची बोलणी चालू असताना. डन अँड ब्रॅडस्ट्रीटने दुरुस्ती पाठवली, पण ते पाच वर्गणीदार कोण हे सांगायला नकार दिला. १९८५ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी साडेतीन लाख डॉलरची भरपाई कायम केली. कुणा एकाच्या कर्जफेडीचा अहवाल हा सार्वजनिक चर्चेचा विषय नाही, त्यामुळे वृत्तपत्रांना मिळणारं जादा संरक्षण त्याला नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

मला या प्रकरणात न्यायशास्त्रापेक्षा चुकीची जात महत्त्वाची वाटते. माहिती खोटी नव्हती, दिवाळखोरीचा अर्ज खरोखर झाला होता. ती भलत्याच्या खात्यावर चढली. पत मोजण्याआधी माणूस कोणता हे ठरवावं लागतं, आणि निम्मे घोटाळे तिथेच होतात. म्हणून तर क्रमांक आले. डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा नऊ अंकी डीयूएनएस क्रमांक १९६३ पासून आहे. अमेरिकेच्या सरकारला तो इतका सोयीचा वाटला की सरकारी कंत्राट किंवा अनुदान हवं असेल तर हा क्रमांक लागेच. एका खासगी कंपनीच्या मालकीची माहिती हीच सरकारची ओळखवही झाली, आणि ती कशी वापरायची यावर त्या कंपनीच्या अटी आल्या. ही गाठ सोडवायला बराच काळ गेला. ४ एप्रिल २०२२ पासून तिथलं सरकार स्वतः दिलेला बारा अक्षरांचा क्रमांक वापरतं.

आपला मात्र डीयूएनएसशी संबंध सुटलेला नाही. पुण्यातल्या एखाद्या कंपनीला ॲपलच्या दुकानात कंपनीच्या नावाने ॲप ठेवायचं असेल, तर डीयूएनएस क्रमांक काढावा लागतो. अमेरिकेला आमरसाचे डबे पाठवणाऱ्या रत्नागिरीच्या कारखान्याला आणि औषधं पाठवणाऱ्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या कारखान्याला तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करताना ठिकाणाची ओळख म्हणून हाच क्रमांक उपयोगी पडतो. आपल्या सरकारने दिलेले अर्धा डझन क्रमांक हाताशी असताना सातवा परक्या खासगी कंपनीकडून घ्यायचा.

बँकांसाठी म्हणून आणखी एक क्रमांक आला. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा तिच्या छत्राखाली सुमारे तीन हजार कायदेशीर संस्था होत्या, पन्नासएक देशांत पसरलेल्या. कुणाचं कुणाकडे किती अडकलं आहे, हे नियामकांना लवकर जुळवता येईना. त्यातून कायदेशीर संस्थांची ओळख पटवणारा वीस अक्षरांचा एलईआय निघाला. त्याची जागतिक संस्था २०१४ पासून स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेने तो आधी बड्या कर्जदारांना लावला आणि मग उंबरठा उतरवत पाच कोटींच्या कर्जापर्यंत आणला. लेहमनने केलेल्या गोंधळाची वार्षिक नूतनीकरण फी आज इचलकरंजीचा साईझिंगवाला भरतो, यावर मी फार टीका करणार नाही, पण नोंद करून ठेवतो.

आपले क्रमांक तसे देखणे आहेत. सीआयएनची एकवीस अक्षरं वाचली की कंपनी बाजारात नोंदलेली आहे का, धंदा कोणता, राज्य कोणतं, स्थापना कधीची, खासगी की सार्वजनिक, हे सगळं कळतं. जीएसटी क्रमांकाची सुरुवात महाराष्ट्रात २७ आणि गोव्यात ३०, पुढे दहा अक्षरांचा पॅन, शेवटी पडताळणीचं अक्षर. पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, सी असेल तर कंपनी. इथेच लहान धंद्याची पहिली अडचण आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६च्या फेरीनुसार देशातले ९५ टक्क्यांहून जास्त सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग एकाच मालकाचे होते. कायद्याच्या नजरेत अशा धंद्याला मालकावेगळं अस्तित्वच नाही. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज, घराचा हप्ता आणि लेथ मशीनचा हप्ता हे सगळं एकाच पॅनखाली. मोठ्या उद्योगसमूहाची एक कंपनी बुडाली तर बाकीच्यांचे क्रमांक स्वच्छ राहतात. लहान कारखानदाराला अशी भिंत बांधता येत नाही, तो एका क्रमांकात सगळा उघडा असतो.

क्रमांक असला म्हणजे त्यामागे कुणी आहे, असंही नाही. २०२३च्या मे ते जुलै या काळात जीएसटी खात्याने देशभर मोहीम काढली तेव्हा २१,७९१ नोंदणीकृत धंदे पत्त्यावर सापडलेच नाहीत. संशयित करचोरीचा आकडा २४,०१० कोटी रुपये. या भुतांचा भुर्दंड पुन्हा खऱ्या व्यापाऱ्याला. पुरवठादाराने बिल विवरणपत्रात दाखवलं नाही तर घेणाऱ्याला आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून हल्ली बाजारात नवा माणूस आला की आधी त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकतात. नाव, पत्ता, नोंदणी चालू की रद्द, शेवटचं विवरणपत्र कधी भरलं हे सगळं कुणालाही फुकट दिसतं. सामान्य व्यापाऱ्याच्या हाती आलेला हा पहिला खरा पत-अहवाल आहे. ठरवून कुणी केला नाही, कर गोळा करताना तो झाला. त्यात दिसतं ते सरकारचे पैसे वेळेवर दिले का एवढंच. तुमचे दिले का, हे नाही.

आता पत-संस्थांकडे वळू. सिबिलची स्थापना २००० मध्ये झाली, कायदा २००५ मध्ये आला, आज अशा चार कंपन्या आहेत. लहान उद्योगांना एक ते दहा असा क्रम दिला जातो, एक सर्वांत चांगला. या संस्थांकडे माहिती जाते ती बँका आणि वित्तसंस्था यांच्याकडून, आणि माहिती मिळतेही मुख्यतः त्यांनाच. विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या, दलाल अशा काही ठरावीक जणांना ती पाहण्याची मुभा आहे. कच्चा माल उधार देणारा कारखानदार त्या यादीत नाही. त्याची थकबाकी तिथे नोंदली जात नाही आणि दुसऱ्याची नोंद त्याला पाहता येत नाही.

याचा परिणाम असा की बँकेचा हप्ता एक तारखेला देणारी आणि पुरवठादाराला दीडशे दिवस लटकवणारी कंपनी या मोजमापात निष्कलंक ठरते. किंबहुना पुरवठादाराला लटकवल्यानेच तिचा क्रम सुधारतो. बिनव्याजी पैसा हाताशी राहिला की बँकेची उचल कमी लागते आणि हप्ता चुकायचा प्रश्न येत नाही. रोखतेचं उत्तम व्यवस्थापन म्हणून अशा वित्त अधिकाऱ्यांचं कौतुकही होतं. ज्याच्या पैशावर हे व्यवस्थापन चालतं, त्याच्या क्रमात मात्र घसरण.

यावर कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये, कायदे भरपूर आहेत. २००६च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढ व्याज. असं व्याज स्वतःहून लावून बिल पाठवणारा पुरवठादार मला अजून भेटायचा आहे. सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. मागणाऱ्याचा व्हेंडर कोड पुढच्या वर्षी चालू राहील का, हा प्रश्न कायद्यात येत नाही. औद्योगिक वसाहतीत व्हेंडर कोड हे केवढं भांडवल असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही. अमक्या कंपनीचा कोड आहे, असं सांगून लोक मुलीचं लग्न जमवतात. दिवाळखोरी संहितेत पुरवठादाराला अर्ज करता येत असे एक लाखाच्या थकबाकीवर. मार्च २०२० मध्ये ती मर्यादा एक कोटी झाली आणि लहान पुरवठादार त्या दारातून बाहेर पडला. बिलं वटवून देणाऱ्या ट्रेड्स मंचावर मोठ्या कंपन्यांनी नोंदणी करणं सक्तीचं आहे, आधी पाचशे कोटींच्या उलाढालीवर, आता अडीचशे कोटींवर. सक्ती नोंदणीची आहे. तिथे बिल मान्य करण्याची नाही.

सर्वांत बोलका अनुभव आयकर कायद्याच्या ४३ब कलमातल्या दुरुस्तीचा. २०२४च्या एप्रिलपासून असं ठरलं की सूक्ष्म-लघू उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. दणका योग्य जागी होता. पण तो बसायचा तर पुरवठादाराची उद्यम नोंदणी हवी. काही खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळू लागले, आणि कापडबाजारांतून बातम्या आल्या की गिऱ्हाईक टिकावं म्हणून लोक आपली उद्यम नोंदणी स्वतःच सोडून देताहेत. ज्या क्रमांकाने संरक्षण द्यायचं, तोच अडचणीचा ठरला. लहानाच्या हातात क्रमांक देऊन मोठ्याचं वागणं बदलेल, ही समजूत त्या वर्षी मोडायला हवी होती.

वागणं बदलायचं तर मोठ्याचं वागणं दिसायला हवं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना वर्षातून दोनदा सरकारी संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं की बिलं सरासरी किती दिवसांत दिली, किती टक्के मुदतीबाहेर गेली. कुणीही कंपनीचं नाव टाकावं आणि पाहावं. ऑस्ट्रेलियानेही २०२१ पासून अशी योजना लागू केली. तिथले पुरवठादार सगळे सुखी झाले असा माझा दावा नाही. पण ऑर्डर घेण्याआधी त्यांना आकडा पाहता येतो, दर ठरवताना तो उशीर दरात धरता येतो.

आपल्याकडे काय आहे? कंपन्या दर सहामाहीला एमएसएमई-१ नावाचा अर्ज कंपनी निबंधकाकडे भरतात, ४५ दिवसांपलीकडे कुणाचे किती थकले आणि का, ते त्यात लिहायचं. तो कंपनीच्या इतर शेकडो कागदांबरोबर दफ्तरात जातो. कंपन्यांची तुलना करणारी, नाव टाकताच आकडा दाखवणारी सोय त्यातून निघालेली नाही. ताळेबंदात पुरवठादारांच्या देण्यांचं वयोमान दाखवणं २०२१ पासून सक्तीचं झालं. त्या तक्त्याचा पहिला रकाना कोणता असावा? 'एक वर्षापेक्षा कमी'. कायदा म्हणतो ४५ दिवस आणि तक्ता मोजतो वर्षात. पन्नास दिवस उशीर करणारा आणि अकरा महिने उशीर करणारा एकाच घरात बसतात. हा रकाना ज्यांनी आखला त्यांनी ४५ दिवसांचा कायदा वाचला नसेल, असं मला वाटत नाही.

आणि खरं पाहता अर्ज, तक्ते यांचीही फारशी गरज उरलेली नाही. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्या विक्रेत्याचं दुसऱ्या धंद्याला दिलेलं जवळपास प्रत्येक बिल आज ई-इनव्हॉइस म्हणून सरकारी यंत्रणेत नोंदलं जातं. ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर घेणाऱ्याला ते बिल स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची सोय आहे. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट परत करायची, असा नियम तर जीएसटीच्या पहिल्या दिवसापासून आहे. बिलाची तारीख आहे, स्वीकाराची तारीख आहे, दोघांचे क्रमांक आहेत. नाही ती फक्त पैसे दिल्याची तारीख. तो एक रकाना ठरावीक उलाढालीवरच्या खरेदीदारांना सक्तीचा करावा आणि त्यातून निघणारी सरासरी कंपनीच्या सीआयएनसमोर जाहीर करावी. पुरवठादाराने तक्रार करायची नाही, त्याचं नावही कुठे येणार नाही. टॅपनच्या भागीदाराला खबऱ्याचं नाव लपवण्यासाठी तुरुंगात जावं लागलं. इथे खबऱ्याच नसेल.

विरोधात बोलण्यासारखं आहे. माल खराब निघतो, डेबिट नोट पडते, दरातला फरक वादात असतो. मग उशीर कुणाचा? वादातली बिलं बाजूला काढता येतील, पण नाकारण्याची मुदत बांधावी लागेल, नाहीतर प्रत्येक महिनाअखेर वादांचं पीक येईल. २००६च्या कायद्यात ती मुदत आहेच: माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं मानायचं. दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. अडचणीत आलेल्या कंपनीचा उशीर जगजाहीर झाला की सगळे पुरवठादार एकदम हात आखडतील आणि वाचू शकणारी कंपनीही बुडेल. असं होईल, काही वेळा नक्की होईल. टॅपनच्या काळापासून पत-अहवालावर हा आरोप आहे आणि तो खोटा नाही. पण आज ती कंपनी बुडते तेव्हा शेवटच्या सहा महिन्यांचा माल अंधारात टाकणारे पुरवठादार तिच्याबरोबर बुडतात, आणि संहितेखालच्या वाटपात त्यांच्या वाट्याला बँकांनंतरचं उरलंसुरलं येतं. बँकांना धोका आधी दिसलेला असतो, कारण पाच कोटींवरच्या कर्जांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या भांडारात २०१४ पासून जमते आणि बँकांना ती पाहता येते. एकाला दिवा आणि दुसऱ्याला अंधार देऊन कंपनी वाचवण्याचा खर्च दुसऱ्यावर टाकणं, याला बाजाराची स्थिरता म्हणायला मी तयार नाही.

मोठ्या उद्योगांच्या संघटना हे सहजी होऊ देणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून सुरुवात जिथे त्यांचं चालत नाही तिथून करावी, सरकारपासून. थकवणाऱ्यांत सरकारी खाती, महामंडळं, महापालिका कुणाच्या मागे नाहीत. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदार संघटना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. कंत्राटदाराचा सिबिल बँक पाहते; सार्वजनिक बांधकाम किंवा पाणीपुरवठा खात्याचा सिबिल कुणी पाहत नाही, कारण तो नसतोच. राज्याची बिलं कोषागारातून जातात, ती सादर कधी झाली आणि पारित कधी झाली याच्या तारखा तिथे असतात. खातेनिहाय, जिल्हानिहाय सरासरी दिवस दर तिमाहीला छापायला केंद्राचा कायदा लागत नाही, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, शासन निर्णय पुरतो. फक्त घड्याळ बिल कोषागारात पोचल्यावर सुरू करून चालणार नाही. ते काम पूर्ण झाल्याचं कंत्राटदाराने लेखी कळवलं त्या तारखेपासून सुरू करावं लागेल. नाहीतर मापवहीत मापं चढवायलाच चार महिने लागतील आणि कोषागाराचा आकडा झकास दिसेल.